मिलिंदा, तो सूर मी पाडला होता

मिलिंदा, तुझ्या अंत्ययात्रेत मी माणसं मोजत होतो. आता सांगायला हरकत नाही. पुढे भन्तेजी, मागे तुझ्या वीज खात्यातले लोक, चर्चची मंडळी, तुझ्या वस्तीतली यच्चयावत माणसं, आणि दर्यापूरकडून जीपा भरभरून आलेले तुझे मामेभाऊ. दोनशेपर्यंत मोजलं आणि नाद सोडला. आपल्याला एवढे येतील का, असं मनात आलं आणि पोटात दुखलं. खांद्यावर तू होतास, तरीसुद्धा दुखलं.

अठरा दिवस झाले. परवा चर्चमध्ये तू ऑर्गनसाठी रचलेलं 'खारपाण' वाजलं, ते कसं वाजलं हे तुला सांगायचं आहे. पण त्याच्याआधी एक जुनं सांगायचं राहिलंय. चार वर्षांपूर्वी 'खारपाण' पहिल्यांदा वाजलं तेव्हा शेवटचा सूर घसरत घसरत विझला. लोक त्यालाच डोक्यावर घेऊन नाचले. तो सूर आपोआप पडला नव्हता, मी पाडला होता. हे तुला तोंडावर सांगायचं म्हणून कितीतरी शनिवारी अकोल्याहून निघालो आणि न सांगताच परत आलो.

आपण भेटलो तो दिवस तुला आठवत असेल. चर्चमधला तो शंभर वर्षांचा पाइप ऑर्गन मुका झाला होता. पाळकसाहेबांनी पेटी दुरुस्त करणारा म्हणून मला अकोल्याहून बोलावलं आणि मोटर दुरुस्त करणारा म्हणून तुला. मी शाळेत संगीत शिकवणारा, घरी नाटकातला पायपेटीचा ऑर्गन, आजोबांपासून चालत आलेला. मला वाटलं, ऑर्गन म्हणजे ऑर्गन. आत डोकावलो तर हे भलतंच प्रकरण. आमच्या ऑर्गनला वाजवणाऱ्याचेच पाय वारा पुरवतात. इथे पत्र्याच्या आणि लाकडाच्या उभ्या नळ्या, काही माझ्या करंगळीएवढ्या, काही माझ्याहून उंच. त्या सगळ्यांना वारा देणारा कातड्याचा एक मोठा भाता मागच्या बाजूला. मोटर नसेल तर तो भाता लाकडी दांड्यानं हलवायचा, आणि ते काम वाजवणाऱ्याला करता येत नाही. त्याला दुसरा माणूस लागतो.

तू दुपारपर्यंत मोटर चालू केलीस आणि तेवढ्यात लाइन गेली. वीज खात्याचा माणूस समोर आणि लाइन गेलेली, पाळकसाहेब किती हसले होते. मला तर नळ्या तपासायच्या होत्या. तू म्हणालास, "मी हालवतो भाता, तुमी वाजवा." मी भात्याचं ते जुनं कातडं पाहिलं, तुझे ते तारा ओढणारे हात पाहिले आणि म्हटलं, "नको. तू फाडशील. मी मागं बसतो, तू एकेक पट्टी दाब फक्त." मी मागे जाऊन बसलो. तू पुढे बसलास. मिलिंदा, त्या दिवशी मीच माझ्या हातानं तुला त्या बाकावर बसवलं, आणि पुढची चौदा वर्षं आपल्या जागा बदलल्या नाहीत.

भात्याशी बसणाऱ्याला वाजवणारा दिसत नाही. समोर लाकडी भिंत, आणि भिंतीवर दोऱ्याला टांगलेली एक शिशाची गोळी. भाता भरला की गोळी खाली उतरते, रिकामा होऊ लागला की वर चढते. मध्ये एक लाल रेघ. गोळी रेघेच्या वर गेली की वारा कमी पडतो आणि सूर खाली घसरतो. मागच्या माणसानं आयुष्यभर ती गोळी पाहायची. तुझी 'खारपाण'मधली सगळी करामत मी गोळीवर पाहिली आहे. लोकांनी तुझे हात पाहिले.

तुला पहिला सा मी दिला हे मी सगळ्यांना सांगायचो, तुझ्या देखत. तू मान डोलवायचास. एका पावसाळ्यात तू पाळकसाहेबांकडची जुनी पुस्तकं आणून पाच रेघांवरची ती विलायती स्वरलिपी शिकलास, ड्यूटी करून, खांबावर चढउतार करून. मी म्हटलं, मीही शिकतो. चार दिवस बसलो आणि चष्म्याचा नंबर वाढला म्हणून सोडून दिलं. नंबर वाढला नव्हता. तू माझ्यापुढे गेलास हे मला दिसायला लागलं होतं. आमच्याकडे म्हणतात, गुरूची विद्या गुरूला. तू तर माझ्याकडून घेतलेली ओंजळभर विद्या अशा ठिकाणी नेऊन पेरलीस, की गुरूला तिथली वाटसुद्धा ठाऊक नव्हती.

हा नुसता संगीताचा मत्सर होता असं म्हणायला मला बरं वाटलं असतं. तसं नव्हतं. आमच्या घरात तीन पिढ्या कीर्तन, पौरोहित्य आणि पेटी. सूर हा आपल्या घरचा, असं मला न शिकवताच शिकवलं गेलं होतं. तुझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचे. घरात वाद्य म्हटलं तर जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायचा एक ताशा. अकोल्यात माझे थोरले काका एकदा म्हणाले, "दिगंबर, म्हणजे भाता तू ओढतोस आणि वाजवतो तो?" त्यांच्या 'तो' म्हणण्यात काय होतं ते मला पुरतं कळलं. मी त्यांना उलटून बोलायला हवं होतं. मी हसलो, आणि रात्रभर मला ते बोचत राहिलं, पण बोचायला हवं त्या जागी नाही. मला तुझ्यासाठी राग आला नाही, मला माझी लाज वाटली. हे तुला कधी बोललो नाही. तुला कळलं असणारच. असलं काही ज्याला सोसावं लागतं त्याला ते आधी कळतं.

तरी मी येत राहिलो. दर शनिवारी पॅसेंजरनं बडनेरा, तिथून ऑटो. तू मोटर चांगली ठणठणीत करून ठेवली होतीस, पण वापरायचा नाहीस. म्हणायचास, "मोटरचा वारा सपाट असते मास्तर. मानसाच्या हाताचा वारा दम घेते." मला हे ऐकून बरं वाटायचं आणि दुसऱ्याच क्षणी वाटायचं, हा मला भाता हलवायला लावायची युक्ती करतो आहे.

'खारपाण' तू लिहायला घेतलंस तेव्हाची भांडणं आठवतात. सगळ्यात खालची लाकडी नळी, तिचा तो सूर, जो कानाला कमी आणि बसल्या बाकाला जास्त कळतो, तो तू दोन-दोन मिनिटं धरून ठेवायचास. मग त्याच्यावर एक सूर, त्याला खेटून दुसरा, इतका जवळ की दोघं एकमेकांशी भांडायला लागत आणि हवा थरथरायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी मागून ओरडायचो, "ह्यात चाल कुठं आहे?"

"काहून पायजे चाल?"

"अरे, लोकं घरी जाताना गुणगुणतील काय?"

तू वाजवणं थांबवून मागे आलास. "माह्या मामाच्या गावची विहीर पाह्यली का तू? पानी दिसते असं निवळशंख. पन तोंडात धरवत नाई, पार खारं. घरोघरच्या बाया दोन कोस जाऊन गोडं पानी आनत. त्या विहिरीच्या काठावर बसून कोन गुणगुणते बे?"

मी म्हटलं, "मग ते गाणं नाही, तक्रारअर्ज आहे." तू इतका हसलास की बाकावर जाऊन पडलास. पण एक पट्टीही बदलली नाहीस. आणि एका शनिवारी मागे बसल्या बसल्या मला ती विहीर दिसली. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा, ती काळी जमीन, वर ऊन, आणि खाली भरलेलं पण कामी न येणारं पाणी. हात चालू होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तुला सांगितलं नाही. तू बाहेर येऊन विचारलंस, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "लांबलंय." एवढं चांगलं मला का सुचलं नाही, याचाच मला राग आला होता.

पहिल्या कार्यक्रमाच्या आधी तू पत्रिकेचा कच्चा कागद दाखवलास. 'खारपाण. एकट्या पाइप ऑर्गनसाठी. रचना आणि वादन: मिलिंद.' खाली खुर्च्यावाल्याचे आभार, चहावाल्याचे आभार.

"माझं नाव?" मी विचारलं.

"सोलो हाय ना मास्तर. तबल्यासारखा साथीला थोडी हायेस तू."

"मग मी कोण?"

"तू वारा."

आज मला कळतं की तुला ते फार मोठं वाटत होतं. मला त्या दिवशी एवढंच ऐकू आलं की वाऱ्याचं नाव कोणी छापत नाही. आपण त्यावर तीन शनिवार भांडलो. तू ऐकलं नाहीस. ते भांडण अजून मिटलेलं नाही, आणि तू मेलास म्हणून मी माघार घेणार नाही. नाव टाकायला हवं होतंस.

कार्यक्रमाच्या दिवशी चर्च भरलं होतं. परदेशातून नागपूरला आलेला एक ऑर्गनवादक तिथून खास आला होता. शेवटच्या भागात दोन्ही हात, दोन्ही पाय, अकरा सूर एकदम, आणि ते भरल्या वाऱ्यात चाळीस अंक मोजेपर्यंत धरून एकदम सोडायचे, असं तुझं लिहिणं होतं. आपण ते शंभर वेळा केलं होतं. गोळी अगदी खाली होती, भाता तुडुंब. मी बारापर्यंत मोजलं. बाहेर ते सगळे लोक तुझ्याकडे बघत असतील असं मनात आलं. मी दांड्यावरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

बस, एवढंच केलं. मुद्दाम केलं. गोळी चढू लागली. लाल रेघ ओलांडली. आधी बारीक नळ्या बेसूर झाल्या, मग मधल्या एकेक करून खचल्या, आणि शेवटी ती मोठी लाकडी नळी कण्हली आणि विझली. मला वाटलं लोक हसतील. तुझी फजिती होईल आणि मागे कोणीतरी माणूस असतो हे सगळ्यांना कळेल. पण कोणी हसलं नाही. मग टाळ्या, उठून उभं राहून. मी भिंतीआडून बाहेर आलो, तेवढ्यात तो परदेशी पाहुणा डोळे पुसत आला आणि तुझा हात धरून त्या शेवटाबद्दलच बोलत राहिला, पाणी आटल्यासारखा शेवट, असं काहीतरी. तू त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलंस. आणि त्याला म्हणालास, हो, लिहिलंच तसं आहे.

नंतर आपण नेहमीसारखे गिलावडा खायला गेलो. तू एक शब्द विचारला नाहीस. गाडीवाल्याला फक्त म्हणालास, "मास्तरच्या वड्यावर दही जास्त टाक भाऊ."

पुढे ते खरंच तसं लिहिलं गेलं. परदेशातल्या दोन-तीन चर्चमध्ये वाजलं. तू मोबाइलवर दाखवलंस, तिथे शेवटी मोटरचं बटन बंद करतात आणि सूर तसाच घसरत विझतो. मी केलेली खोडी सातासमुद्रापार तुझ्या नावावर वाजत होती. तुझा घात करायला गेलो आणि त्याचंही तुझ्या हातात सोनं झालं. अशा माणसावर जळू नको तर काय करू?

आपला शेवटचा शनिवार झालाच नाही. त्या आठवड्यात पेपरात तुझ्यावर अर्धं पान आलं होतं, फोटोसकट. मी फोन करून सांगितलं, गुडघा दुखून राहिला, येत नाही. तू म्हणालास, "काबे, भाता काय गुडघ्यानं हालवतो का तू? ये ना." मी म्हटलं, पुढच्या शनिवारी नक्की. मंगळवारी दुपारी जेवून तू आडवा झालास तो उठलाच नाहीस. माझा गुडघा ठणठणीत आहे, मिलिंदा. अगदी व्यवस्थित आहे.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना आटोपून सगळे पांगल्यावर सुजाता वहिनींनी मला आत बोलावलं. तुझ्या हातची 'खारपाण'ची वही त्यांनी माझ्यासमोर ठेवली. पाळकसाहेबांना ते चर्चमध्ये वाजवून घ्यायचं होतं; नागपूरची एस्तेर, तुझ्याकडे महिन्यातून एकदा शिकायला यायची ती मुलगी, ती वाजवणार होती. "भाता तुमीच हालवसान ना भाऊ?" वहिनींनी विचारलं.

मी वही उघडली. मला ती स्वरलिपी वाचता येत नाही, पण हातांच्या ओळींखाली, पायांच्या ओळीखाली, आणखी एक ओळ होती. साध्या पेन्सिलीनं मारलेल्या उभ्या रेघा, एक दांडा वर, एक दांडा खाली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, प्रत्येक पानावर. ती मला वाचता आली. शेवटच्या पानावर बारा रेघांनंतर ओळ रिकामी होती आणि तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'इथे हात सोडायचा'.

मला राहवलं नाही. वहिनींना सगळं सांगून टाकलं. सांगताना मान वर करवत नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याइले ठाऊक होतं, भाऊ."

"काय ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी घरी आले अन् म्हने, मास्तरनं आज हात सोडला. मुद्दाम सोडला. मी म्हनलं, मंग इचारा ना त्याइले. तं म्हने, नाई. इचारलं तं त्याले खरं सांगा लागन, अन् मंग तो येनं बंद करन. मले वारा कोन देईन? असं म्हनून ही वही घेऊन बसले. जेवले बी नाई त्या दिवशी."

मी तिथेच रडलो, तुझ्या घरच्या खुर्चीत, मोठ्यानं. चार वर्षं मी एक चोरी लपवत होतो, आणि तू ती मला लपवू देत होतास. आणि रडता रडताही, खरं सांगतो, एक कोपरा जळत होता. मोठेपणातही हाच पुढे. क्षमा करायची संधी मला कधी दिलीच नाहीस, सगळी स्वतःच करून बसलास.

परवा चर्चमध्ये मी मागे बसलो. तीच भिंत, तोच दोरा, तीच गोळी. एस्तेर चांगली वाजवते, तुझ्यापेक्षा बोटं स्वच्छ आहेत तिची. हे तुला झोंबावं म्हणूनच लिहितोय. खालचा सूर सुरू झाला आणि बाक थरथरला. डोळे मिटले तर पुढे तूच बसला आहेस असं वाटायला काही अडचण नव्हती, नाहीतरी वाजवणारा मला कधी दिसलाच नाही. मी तुझ्या रेघांप्रमाणे दांडा वरखाली करत राहिलो.

शेवट आला. अकरा सूर उभे राहिले. मी मोजू लागलो. दहा, अकरा, बारा. इथे हात सोडायचा. एवढंच काम होतं, आणि ते मी जगात सगळ्यांच्या आधी केलेलं होतं.

हात सुटला नाही. तेरा, चौदा. दांडा वर, दांडा खाली. मला वाटलं, हात सोडला की तू विझशील. त्रेसष्टाव्या वर्षी खांदा भरून येत होता, पण गोळी मी तळाशी दाबून धरली. चाळीस झाले. भिंतीपलीकडून एस्तेरचा दबका आवाज आला, "काका, हात सोडा." मी मोजणं सोडून दिलं, हात सोडला नाही. शेवटी तिनंच थकून बोटं उचलली. भरल्या वाऱ्यातले अकराच्या अकरा सूर एकदम तुटले आणि छताखाली थोडा वेळ नुसती घुमघुम राहिली. तू आधी लिहिलं होतंस तसाच शेवट. त्या चर्चमध्ये लोकांसमोर पहिल्यांदाच तो पुरा वाजला, आणि ऐकायला तू नव्हतास.

टाळ्या पडल्या, पण चाचपडत. मोबाइलवर ऐकलेले लोक कुजबुजत होते की शेवट बिघडला. एस्तेर मागे आली, घामानं भिजलेली, बिचारी घाबरली होती. "काका, काय झालं? वहीत तर थांबायचं होतं."

"हो," मी म्हटलं, "माझं चुकलं."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. बाहेर पडल्यावर मी एकटाच गिलावड्याच्या गाडीपाशी गेलो, खाल्लं नाही, आणि बडनेऱ्याची ऑटो धरली.

तर असं झालं, मिलिंदा. ही चूक तरी माझ्या नावावर राहू दे. हिचं सोनं करायला आता तू नाहीस.